माप घेऊन जा

ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्लीत
मुस्तनसिरभाईंनी पंप हातात घेतला,
नखाने गंज खरवडला, हुंगला,
आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"कंपनी बंद. मद्रास का नाम भी बंद.
तुम्हारा शौक काहे को चालू है?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
हेराल्ड होती, सदुसष्टची, फिकट निळी.
बॉनेट उघडतं ते अख्खं, मडगार्डांसकट पुढे कलंडून,
दाताच्या डॉक्टरपुढे आ वासावा तसं.
आणि दुखरा दात हा :
वॉटर पंप, आतला पंखा झिजून चिंचोक्याएवढा.
दोन किलोमीटर झाले की काटा लाल घरात.
माटुंग्याला सर्कलवर मी वाफेत उभा असताना
हवालदाराने शिटी वाजवली नाही,
स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

कुर्ल्याला गाड्यांची हाडं वेगवेगळी रचतात,
दारांपाशी दारं, डोळ्यांपाशी डोळे.
तिथल्या पोराने फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला :
"काका, ये गाड़ी का है?
मेरे को लगा मिक्सर का."

चोरबाजारात मात्र एकाने दिला.
तेल लावून, पुसून, उर्दू पेपरात गुंडाळून.
घरी बोल्ट बसेनात तेव्हा कळलं, हा अँबॅसेडरचा.
अठराशे रुपये.
बायकोने तो डुगडुगत्या कुंडीखाली सारला.
तिथे अगदी फिट बसला.

मग कुणीतरी सांगितलं,
कलिन्याच्या गावठाणात एक उभी आहे.

बिमलीच्या झाडाखाली. तीच.
टायर मातीत रुतलेले,
मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.
फिलोमिना क्रियाडो सुपातला जवळा निवडत म्हणाली,
"हायजिनसने मला चर्चमधून हिच्यातच आनली."
अकरा वर्षं गाडी बंद.
हायजिनस जाऊन अकरा वर्षं.
मी पंपाचं नाव काढलं
तशी ती सूप ठेवून गाडीच्या आणि माझ्या मध्ये.
"काय बी काढून नाय देनार.
आज पंप नेशील, उद्या सीट.
कोंबडीनं कुठं जायाचं?"

बरोबर होतं तिचं. मी निघालो.
फाटकाची कडी काढली तेव्हा मागून,
"ए. माप घेऊन जा."

बोल्ट काढले एकेक. तिने बशीत मोजून ठेवले.
व्हर्नियरचा आकडा मी मोठ्याने वाचायचा,
तिने कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायचा.
दिवेलागणीच्या आत पंप परत जागेवर,
बशी रिकामी आहे ना, तिने दोनदा पाहिलं.

दारूखान्यात शिरोडकरांचं लेथ.
बाजूलाच जहाजं फोडतात,
त्यातलं गनमेटल किलोवर मिळतं.
त्यांनी एक तुकडा ठोकून आवाज ऐकला.
"कुठल्यातरी ग्रीक बोटीचं असणार.
अख्खा समुद्र ओढलाय ह्याने,
तुझा रेडिएटर म्हणजे तांब्याभर पाणी."
मग कॅलेंडरचा कागद उजेडात धरून,
"सेटिंगलाच दिवस जातो.
एक करू की दोन?"
मी म्हटलं, दोन.
का म्हटलं, कोण जाणे.

आता काटा मध्यावर थांबतो.
ठाण्यापर्यंत जाऊन आलो.
तिसऱ्या गिअरला बारीक शीळ येते कुठूनतरी,
शिरोडकर म्हणतात, बोटीची सवय, जाईल.

दुसरा पंप घेऊन कलिन्याला गेलो.
फिलोमिनाने हातावर तोलला. "जड हाय."
खूप वेळ काहीच बोलली नाही.
मग कोंबडीला टोपलीत हलवलं, अंड्यांसकट,
आणि बॉनेटखाली वाकून म्हणाली,
"ही काळी टोपी फुटलेली हाय बघ.
डिस्ट्रिब्युटरची. गावंल?"

मुस्तनसिरभाईंच्या काउंटरवर
मी फुटकी टोपी ठेवली.
त्यांनी टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि आत पोराला हाक मारली,
"दो चाय बोल.
ये आदमी बैठेगा."